र. पटले यांची सही

गोंदिया
१० सप्टेंबर २०२३

धनू,

काल फोनवर तू सहा मिनिटं बोललास आणि त्यात आठ वेळा "हो ताई" म्हणालास. सातासमुद्रापलीकडे बेनिनमध्ये राहून राहिलास, पण तिथे काय शिजतं, काय पिकतं, मला काही माहीत नाही. तू वसतिगृहात होतास तेव्हा आपण अंतर्देशीय पत्रं लिहायचो. त्यात कुणाशी भांडलास, किती पोळ्या खाल्ल्यास, सगळं असायचं. म्हणून मी ठरवलं आहे, कागदावर लिहीन आणि फोटो काढून पाठवीन. तूही तसंच कर. टाईप करू नको. अक्षर पाहिलं की मला तुझी तब्येत कळते.

इकडची बातमी चांगली नाही. पंचवीस ऑगस्टला सरकारने उसन्या तांदळावर वीस टक्के निर्यात कर बसवला. साध्या पांढऱ्या तांदळाला तर जुलैपासून देशाबाहेर जायची बंदीच आहे. आमची मिल उसन्याची. धान उकडायचं, वाळवायचं, मग तांदूळ काढायचा, आणि त्यातला बहुतेक माल तुमच्या त्या आफ्रिकेत जातो. उकडायच्या चार टाक्यांपैकी दोन थंड पडल्या. साठ बायांपैकी अर्ध्या एक दिवसाआड येऊन राहिल्या. हेमेंद्र सेठनी सगळ्यांना आवारात बोलावलं आणि म्हणाले, "किसी को निकालूंगा नहीं. थोडा सबर करो." त्यांच्या शब्दावर माझा भरवसा आहे. तुझ्या जिजाजींचा पाय ट्रकखाली आला तेव्हा हाच माणूस नागपूरच्या दवाखान्यात दोन दिवस बाकावर बसून होता. बरे झाल्यावर यांना मिलच्या वजनकाट्यावर बसवलं तेही त्यांनीच.

रविवारी बोदलकसाला बाबांकडे गेली होती. तळं भरलं आहे, धान निसवायच्या बेतात आहे. मी कराचं सांगितलं तर बाबा म्हणाले, "आपलं धान आपल्या बांधीतून निघते. त्याले समुद्र ओलांडायले कर कायले?" मी म्हटलं, देशात तांदूळ महाग होऊ नये म्हणून. तर म्हणतात, "मंग माह्या धानाचा भाव काऊन पडला?" मी मिलच्या प्रयोगशाळेत तांदळाचा ओलावा मोजते बाबा, मला एवढं नाही समजत, असं म्हणून सुटली. तू तिकडे जहाजांत वावरतोस, तूच त्यांना सांग.

ताई


कोटोनू
१ ऑक्टोबर २०२३

ताई,

तुझा कागद मोबाईलवर मोठा करकरून वाचला. शेवटच्या ओळीवर हळदीचा डाग आहे, म्हणजे स्वयंपाक करता करता लिहिलंस.

इथलं सांगतो. हा देश लहान, उभा लांबट, किनारा थोडासाच, लोक फ्रेंच बोलतात आणि मी फ्रेंचमध्ये फक्त मोजू शकतो. जहाज आलं की आम्ही त्याच्या पोटात उतरतो. मी आणि माझा जोडीदार कॉफी. हे त्याचं नाव आहे, प्यायची कॉफी नाही. शुक्रवारी जन्मलेल्या मुलाला इकडे असंच काहीसं म्हणतात. पोती मोजायची, फाटलेली, भिजलेली वेगळी काढायची, पोत्यात टोकदार परखी खुपसून मूठभर नमुना काढायचा आणि अहवाल लिहायचा. आमची कंपनी कुणाचीच बाजू घेत नाही, असं तिच्या पाटीवर लिहिलेलं आहे.

कॉफीची आई बाजाराच्या तोंडाशी शिजवलेला भात विकते. सकाळी दोन मोठी पातेली घेऊन बसते, हमाल आणि मोटारसायकलवाले तिचे गिऱ्हाईक. तिला उसनाच लागतो. तो दुपारपर्यंत मोकळा राहतो, लगदा होत नाही. कर लागल्यापासून पोतं महाग झालं, म्हणून तिने वाटी बदलली, थोडी लहान घेतली. मला पाहिलं की ती कॉफीमार्फत विचारते, "तुमच्या सरकारचं मी काय बिघडवलं?" बाबांना सांग, त्यांच्यासारखंच विचारणारी एक बाई इकडेही आहे.

माझं बरं चाललं आहे. परवाना मार्चमध्ये नवा होईल. तो कंपनीच्या नावावर असतो. कंपनीने ठेवलं तर मी या देशात आहे, नाही तर नाही. पण तशी काही भीती नाही.

तुझा,
धनेंद्र


गोंदिया
२६ नोव्हेंबर २०२३

धनू,

दिवाळीला तुझी आठवण करून बाबांनी एक अनारसा बाजूला ठेवला आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच खाल्ला.

चांगली गोष्ट सांगते. मिलमध्ये पुन्हा काम आलं. मोठी ऑर्डर आहे आणि माल तुझ्याच बंदरात येणार आहे! बाया रोज येऊन राहिल्या. त्यांच्यातली प्रेमिला तर म्हणते, तिच्या पोरीच्या नर्सिंगची फी आता भरता येईल. एक गंमत आहे, टाक्या अजून दोनच चालू आहेत, पण ट्रक चार टाक्यांचे भरून राहिले. मी योगराजला विचारलं. योगराज म्हणजे भरणा बघणारा मुनीम. तो म्हणाला, "मॅडम, पुराना स्टॉक है." असेल. मागच्या गोदामात मी कधी जात नाही.

प्रत्येक लॉटच्या कागदावर माझी सही लागते. उसना, इतका ओलावा, इतका तुकडा, तपासणार: र. पटले. बी.एस्सी. झाली तेव्हा आत्या म्हणाली होती, पोरीची सही काय कामाची. आता ती सही बोटीत बसून आफ्रिकेत जाऊन राहिली. तुझ्या हातात तो कागद आला तर मला फोटो पाठव. मी फ्रेम करीन.

ताई


कोटोनू
२८ जानेवारी २०२४

ताई,

घाईत आहे. एवढंच कळव. तू नमुना नेमका कुठून काढतेस? टाकीनंतर, की पोती भरल्यावर? लॉट २१७ चा काढलेला तुला आठवतो का?

धनेंद्र


गोंदिया
४ फेब्रुवारी २०२४

धनू,

चार ओळी, त्याही तिरक्या. आजारी आहेस का? की बाबांनी आमगावच्या मुलीचं सांगितलं म्हणून रागावलास? रिंकी नाव आहे, बँकेत आहे, आणि तिने आधीच सांगून ठेवलं की ती परदेशात राहायला येणार नाही. तुला पटत नसेल तर सरळ सांग, कुणी जबरदस्ती करून नाही राहिलं.

नमुन्याचं विचारलंस. ड्रायरमधून माल निघून मिलिंग झालं की मी पट्ट्यावरून काढते, पोती भरायच्या आधी. भरणा मागच्या गोदामात होतो, तो योगराजचा विभाग. प्रत्येक लॉटची एक पुडी मी कपाटात सहा महिने ठेवते, तारीख घालून. २१७ ची पण आहे. आत्ताच जाऊन पाहिली. छान सोनेरी दाणा आहे, तुकडा चार टक्क्यांच्या आत. काऊन विचारलंस? तुमच्याकडे कुणी नाव ठेवलं का मालाला? तर मला सांग, मी सेठना सांगीन.

जेवत जा.

ताई


कोटोनू
२५ फेब्रुवारी २०२४

ताई,

हे पत्र मी तीनदा लिहून फाडलं. आता जसं येईल तसं लिहितो.

जानेवारीच्या सुरुवातीला कॉफी आईचं एक पातेलं दाखवायला मला घेऊन गेला. उसना म्हणून घेतलेल्या पोत्यातला भात होता, त्याची खळ झाली होती. तिने वाटीत वाढला आणि वाटी उलटी धरली, तरी पडला नाही. गिऱ्हाईक उठून समोरच्या बाईकडे गेले. ती नुसती वाटी उलटी धरून उभी राहिली.

त्यानंतर तुमच्या मिलचं जहाज लागलं. वाटेत पाणी शिरून काही पोती भिजली होती, त्यामुळे विम्याचा दावा झाला आणि विमा कंपनीने विचारलं, माल नेमका काय आहे ते तपासून लिहा. एरवी आम्ही वीस पोती उघडतो, या वेळी दोनशे उघडली. बाहेर उसन्याचा शिक्का, आत साधा पांढरा तांदूळ. एकशे साठ पोत्यांत. साध्याला बंदी आहे, उसन्याला कर भरून येता येतं, म्हणून साधा तांदूळ उसन्याच्या पोत्यात घालून पाठवला. किंमतही कमी दाखवली होती, म्हणजे करही कमी. इथल्या व्यापाऱ्याला ते माहीत होतं. आधी आलेला असाच माल त्याने उसन्याच्या भावात कॉफीच्या आईसारख्यांना विकला.

आणि कागद उघडला तर खाली तुझी सही.

साहेब म्हणाले, "कागदावर आहे तेच लिही. भिजलेली पोती मोज आणि विषय संपव." मी दोन दिवस मागितले. तुला ते चार ओळींचं पत्र लिहिलं. मग तुझं उत्तर यायच्या आधीच, तीस तारखेला, मी जे पाहिलं ते लिहून अहवाल दिला.

का थांबलो नाही ते सांगतो. मी तुला विचारलं असतं आणि तू म्हणाली असतीस, हो, मला माहीत होतं, तर मला तो अहवाल लिहिता आला नसता. म्हणून मी विचारलं न विचारल्यासारखं केलं. तुझं उत्तर वाचलं तेव्हा कळलं की तुला काहीच माहीत नव्हतं. पण कागद तोपर्यंत गेला होता. विमा कंपनीने तो पुढे भारतातल्या सीमाशुल्क खात्याकडे पाठवल्याचं काल समजलं. ते मिलमध्ये येतील. सही कुणाची, असं आधी विचारतील.

ताई, मी तुझ्याबद्दल वाईट विचार केला. आठवडाभर केला. तुला कळावं म्हणून लिहितो.

धनेंद्र


कोटोनू
१४ एप्रिल २०२४

ताई,

सात आठवडे झाले. फोन जिजाजी उचलतात आणि "ती कामात आहे" म्हणतात. बाबा म्हणाले मिलला टाळं आहे. मग तू कोणत्या कामात आहेस?

माझा परवाना नवा झाला नाही. साहेबांनी कारण दिलं नाही, मीही मागितलं नाही. परवा कॉफीबरोबर बसने शेजारच्या देशात, लोमे शहरात जातो. तीन तासांचा रस्ता आहे. तिथे एका लहान कंपनीला दोन माणसं हवी आहेत, तात्पुरती.

तू रागाने चार ओळी लिहिल्यास तरी चालतील. तिरक्या असल्या तरी चालतील.

धनेंद्र


गोंदिया
२ जून २०२४

धनेंद्र,

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी ते प्रयोगशाळेत उभ्यानेच वाचलं. मग फोन कामाच्या पांढऱ्या कोटाच्या खिशात ठेवला आणि दिवसभर ओलावा मोजला. कुणाला काही सांगितलं नाही. तुलाही उत्तर दिलं नाही, कारण जे लिहिलं असतं ते तुला आयुष्यभर पुरलं असतं.

आता सगळं क्रमाने लिहिते.

मार्चच्या बारा तारखेला योगराज आला. म्हणाला, "मॅडम, पुरानी पुडिया साफ कर दो, जगह नहीं है." त्या कपाटात तीन खण रिकामे आहेत. मी म्हटलं, सहा महिने झाले नाहीत. तो गेला आणि सेठ स्वतः आले. माझ्या प्रयोगशाळेत ते कधी येत नाहीत. स्टूल ओढून बसले. म्हणाले, "रविता, ऑर्डर चली जाती तो साठ घर बैठ जाते. मैंने अपने लिए नहीं किया." मी विचारलं, "सेठजी, माझी सही त्या मालावर का वापरली?" ते म्हणाले, "तेरी सही पर सबको भरोसा है." हे ते कौतुकाने म्हणाले, धनू. खरंच कौतुकाने. मग म्हणाले, पुड्या आज संध्याकाळपर्यंत काढून टाक.

मी कपाटाला कुलूप लावलं, किल्ली ओटीत टाकली आणि घरी आली.

तुझ्या जिजाजींना विचारलं, तुम्ही काट्यावर बसता, तुम्हाला माहीत होतं? ते म्हणाले, "काट्यावर वजन दिसते, पोत्याच्या आतलं दिसत नाही." जेवले नाहीत. थोड्या वेळाने आपणहून बोलले. नोव्हेंबरपासून भरलेले ट्रक मागच्या फाटकातून आत येत होते, दुसऱ्या मिलचा माल घेऊन. यांनी त्यांच्या वजनाच्या पावत्या फाडून दिल्या. मी म्हटलं, "मले काऊन नाही सांगितलं?" तर म्हणाले, "सांगितलं असतं तर तू सही केली नसती. मंग?"

तू म्हणतोस, विचारलं असतं तर लिहिता आलं नसतं. हे म्हणतात, सांगितलं असतं तर सही झाली नसती. सेठ म्हणतात, सगळ्यांचा भरोसा आहे. माझ्यावर एवढा भरोसा असलेल्या तीन माणसांपैकी एकानेही मला तोंडावर विचारलं नाही. तू दोन दिवस मागून घेतलेस. आणखी पाच थांबला असतास तर माझं उत्तर तुझ्या हातात होतं.

अठरा तारखेला अधिकारी आले, तिघं. त्यांच्यात एक बाई होत्या, त्यांनीच मला विचारलं. आधी सेठनी दिलेला लेखी जबाब वाचून दाखवला. त्यात होतं की नमुना तपासणाऱ्या कर्मचाऱ्याच्या चुकीमुळे माल वेगळा गेला. वाचून झालं आणि त्या म्हणाल्या, "ये दस्तखत आपके हैं?"

मी म्हटलं, "माझीच आहे."

"तो माल आपने पास किया."

"मी नमुना पास केला. माल मला कुणी दाखवला नाही. नमुना आहे, दाखवते."

कपाट उघडलं. २१७, २१८, २१९, थेट २२५ पर्यंतच्या पुड्या टेबलावर मांडल्या. त्यांच्याकडे तुझ्या अहवालातले फोटो होते. पांढऱ्या तांदळाच्या फोटोशेजारी माझा सोनेरी दाणा. मॅडमनी एक दाणा दातांनी फोडून पाहिला. मग मला म्हणाल्या, "बसा." तोपर्यंत मी उभी होती, आणि सेठ दारात. मी बसली तेव्हा ते निघून गेले.

माझ्यावर काही आलं नाही. सेठवर दंड बसला, मिल दोन महिने बंद राहिली. पण तू असं समजू नको की इथे सगळं चांगलं झालं. साठ बाया घरी बसल्या. प्रेमिला बाजारात भेटली, माझ्याकडे पाठ करून म्हणाली, "तुले का करायचं होतं? फेकून द्यायच्या होत्या पुड्या." दुसऱ्या दिवशी ती गावच्या बायांबरोबर तेलंगणात मिरची तोडायला गेली. दीड महिना तिथे शेताच्या कडेला पालात राहिली. परत आली तेव्हा तिच्या बोटांची सालं निघाली होती. पोरीची एक परीक्षा हुकली. हे मी कुणाला सांगू? तुझ्या अहवालात यासाठी रकाना होता का?

मिल आता उघडली. बायांना परत घेतलं. मला आणि यांना नाही. यांनी ई-रिक्षा घेतली, स्टेशन ते बाजार चालवतात, पाय दुखतो पण बोलत नाहीत. मी घरी आहे. तुला कळलं असेल मी कोणत्या कामात होती.

रविता


लोमे
२३ जून २०२४

ताई,

तुझं पत्र वाचलं तेव्हा कॉफी शेजारी होता. तो विचारत होता आणि मी त्याला फक्त प्रेमिलाबाईच्या बोटांचं सांगितलं. तो म्हणाला, त्याच्या आईनेही मध्ये दोन महिने भात बंद केला होता, धुणी धुवायला जायची.

माझ्या अहवालात रकाना नव्हता. मी तुला विचारायला हवं होतं. तू हो म्हणाली असतीस तरी विचारायला हवं होतं, आणि मग तुझ्यादेखत लिहायला हवं होतं. मी ते सोपं करून घेतलं. पण तो अहवाल मी आजही तसाच लिहीन, तेही तुझ्यापासून लपवत नाही.

इथे काम आहे, पण घर वाटत नाही. बाबांचा फोन आला होता. धानाच्या रोपांचे पऱ्हे टाकले म्हणाले, रोवण्याला माणूस मिळत नाही, सगळे नागपूर-हैदराबादला गेले. मग हसले आणि म्हणाले, "आपलाबी एक गेलाच आहे."

मी परत यावं का? बाबांसाठी नाही विचारत. तुझ्या घरी मला येता येईल का, ते विचारतो. या वेळी उत्तर येईपर्यंत काहीही ठरवणार नाही.

धनेंद्र


गोंदिया
१० नोव्हेंबर २०२४

धनू,

तू साडेचार महिने खरंच थांबलास. राखीला फोन केलास तेव्हाही विचारलं नाहीस, नुसतं पावसाचं बोललास. मी ते पाहून राहिली होती.

तुला कळलंच असेल. साध्या तांदळावरची बंदी सप्टेंबरच्या शेवटी उठली. उसन्यावरचा कर आधी निम्मा झाला आणि ऑक्टोबरात पुरता गेला. यांनी सकाळी रिक्षात बसलेल्या कुणाकडून ऐकलं आणि दुपारी घरी येऊन सांगितलं. मी पोळ्या लाटत होती. ज्यांच्यापायी सेठनी आपलं नाव घालवलं, तू देश बदललास, माझी नोकरी गेली, ती दोन्ही कारणं दिल्लीतल्या एका कागदाने आली होती आणि दुसऱ्या कागदाने गेली. मला राग येईल असं वाटलं, पण आला नाही. लाटणं हातात होतं, पुढची पोळी लाटली.

दिवाळीआधी सेठ बाजारात भेटले. गाडी थांबवून उतरले. "कैसी है?" म्हणाले. मी म्हटलं, "ठीक हूं." यांच्या पायाचं विचारलं. मीही त्यांच्या घरच्यांचं विचारलं. मग ते गाडीत बसून गेले. मी त्यांच्याबद्दल खोटं बोलली नाही, ते माझ्याबद्दल बोलले. पण दवाखान्यातल्या बाकावर दोन दिवस बसले होते तेही तेच. मला यातलं एक खोडून दुसरं ठेवता येत नाही.

प्रेमिला बोलायला लागली. आपणहून घरी आली, पोरगी दुसऱ्या वर्षाला गेली म्हणून पेढे घेऊन. तिला ऐकू आलं आहे की जर्मनीत नर्सेस घेतात. मला विचारत होती, तुझा भाऊ तिकडं आहे ना, त्याले विचार. मी सांगितलं, आफ्रिका वेगळी, जर्मनी वेगळी. तर म्हणाली, "बाहेरच ना दोन्ही?"

आता माझं. तिरोडा रस्त्यावर एक लहान उसन्याची मिल आहे. मालकीण दामिनी, आपल्याहून लहान आहे, नवऱ्यामागे तीच चालवते. गेल्या महिन्यात तिने निरोप पाठवला. मी गेली. मला म्हणाली, "ताई, पुड्या ठेवणाऱ्या तुम्हीच ना?" मी म्हटलं, हो, आणि त्याच्यामुळे मला कुणी ठेवत नाही. ती हसली. मी दोन अटी घातल्या. पोती माझ्यासमोर भरली जातील, आणि मागचं फाटक मी उघडायला सांगेन तेव्हा उघडेल. ती म्हणाली, फाटक एकच आहे.

काल पहिला लॉट गेला, लोमेला. तुझ्याच बंदरात. कागद समोर आला, दामिनीने पेन दिलं. नाव लिहायचं होतं फक्त, वीस वर्षं लिहून राहिली आहे. मी पेन ठेवलं आणि बाहेर ट्रकवर चढली. साडीचा काठ कमरेला खोचला आणि परखी घेतली. वरची पोती पाहिली, मधली काढायला लावली, तळाची काढायला लावली. हमाल कुरकुरले. ड्रायव्हर खाली उभा राहून ओरडून राहिला, "बाई, का चालू आहे? मले रायपूर गाठायचं आहे!" दुपार कलली. चाळीस पोती पाहिली मी. सगळ्यांत उसनाच होता. मग उतरली आणि सही केली.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर द्यायला एवढे दिवस का लागले तेही लिहिते. तू जे पाहिलंस ते लिहिलंस, ते बरोबर होतं. मला विचारलं नाहीस, ते चूक होतं. मी वाट पाहून राहिली होती की या दोन्हींपैकी एक हळूहळू कमी होईल. झालं नाही. आता वाटते, होणारही नाही, आणि तसंच घरात राहता येते.

जहाज तिकडे लागलं की पोती उघडशील ना, तू किंवा कॉफी? नीट उघडा. दोनशे उघडा. माझी सही आहे म्हणून सोडू नका.

आणि त्याच्यानंतर ये. उन्हाळी धान रोवायच्या आत ये, बाबांना माणूस पाहिजे. आमगावची रिंकी अजून बँकेतच आहे, आणि अजूनही परदेशात जायला तयार नाही.

तुझी,
ताई